काजूची जात ठरली, आमची कधी ठरणार?



गेल्या महिन्यात बांद्यात फळबाग शेतकऱ्यांचा मेळावा झाला. मांडव होता, खुर्च्या होत्या, कर्णे लावले होते. स्टेजवरच्या कापडी फलकावर लिहिलं होतं, 'कोकणच्या आर्थिक विकासात संशोधन संस्थांचे योगदान'. आम्हाला बोलावणं नव्हतं. पण मेळावा सर्वांना खुला आहे असं रिक्षा फिरवून सांगितलं होतं, म्हणून संघटनेचे आठ-दहा जण गेलो. सोबत वाडीतल्या तीन-चार बाया होत्या.

मांडवाच्या कडेला टेबलं मांडली होती आणि त्यावर बशांमध्ये काजूच्या बिया. एका बशीत गावठी, एकीत वेंगुर्ला-४, एकीत वेंगुर्ला-७. गावठी बी चार-पाच ग्रॅमची, सात नंबरची दहा ग्रॅमची. दुपटीपेक्षा कमी नाही. आमच्या वाडीतली एक आजी, सत्तरी गाठलेली, जिचा उभा जन्म दुसऱ्यांच्या बागेत बिया वेचण्यात गेला, तिने ती मोठी बी उचलली, तळहातावर झेलून बघितली आणि विचारलं, "ह्येचा झाड माका मेळात?"

टेबलामागचा मुलगा आमच्याच वयाचा. बोलायला चांगला. म्हणाला, "का नाही मिळणार आजी? सातबारा घेऊन या. जातीचा दाखला असला तर तोपण आणा, तुम्हाला शंभर टक्के अनुदान आहे."

आजीने बी परत बशीत ठेवली. म्हणाली, "सातबारो आसतो तर तुमच्याकडे मागूक येवचा लागला नसता."

सगळे हसले. तो मुलगाही हसला. त्याचा काही दोष नाही, त्याला जे सांगायला सांगितलं होतं तेच त्याने सांगितलं. पण स्टेजवर तीन तास भाषणं झाली त्यातल्या एकाही भाषणात आजीच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख.

आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल की संघटनेची पोरं विज्ञानाच्या विरोधात आहेत. आम्ही विरोधात नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काम केलेलं आहे आणि ते खरं काम आहे. १८ मे १९७२ ला दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं, वेंगुर्ल्याचं केंद्र त्याच्याही आधीचं. पूर्वी काजू म्हणजे बी टाकायची आणि विसरायचं. पाच-सहा वर्षांनी झाड धरणार, तेही कसं धरेल त्याचा भरवसा नाही. शेजारच्या दोन झाडांची बी एकसारखी नसायची. केंद्रातल्या माणसांनी चांगली झाडं हेरली, त्यांचा संकर केला, कलम कसं बांधायचं ते बसवलं. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं आणि आईसारखंच धरतं. १९७४ ला वेंगुर्ला-१ आली, १९८१ ला वेंगुर्ला-३ आणि ४, १९९७ ला वेंगुर्ला-७. आंब्यात नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ ला रत्ना काढला, १९९२ ला सिंधू काढला, त्याची कोय अगदी पातळ. हे सगळं आम्ही मान्य करतो. कलम बांधण्याचं काम आमच्यातल्या दोघांना उत्तम येतं, ते रोपवाटिकांत रोजावर कलमं बांधतात. पावसाच्या दिवसात दिवसाला किती कलमं बांधतात ते मोजायला कोणी बसत नाही, पण मेलेली किती ते मात्र मुकादम मोजतो.

आता त्या जाती कुठून आल्या ते बघा. वेंगुर्ला-१ ही अणसूरच्या एका झाडावरून निवडलेली. वेंगुर्ला-३ चे आईबाप म्हणजे अणसूर-१ आणि वेतोरे-५६. वेंगुर्ला-४ मध्ये बंगालकडचा मिदनापूर रेड आहे आणि पुन्हा वेतोरे-५६ आहे. अणसूर आणि वेतोरे ही काय अमेरिकेतली गावं नाहीत. वेंगुर्ला तालुक्यातली आहेत, आपल्यातल्या कित्येकांच्या सोयरिकी त्या बाजूला आहेत. म्हणजे ज्या झाडांवर हे संशोधन उभं राहिलं ती झाडं इथल्याच कुठल्यातरी भरडावर उभी होती. कोणीतरी ती लावली, राखली, गुरांपासून वाचवली. त्या माणसाचं नाव कुठल्याच कागदावर नाही. गावाचं नाव निदान आईबापांच्या यादीत राहिलं, पुढे जातीला नाव वेंगुर्ल्याचं लागलं. आणखी एक. कलमाला खालचा खुंट लागतो तो गावठी बियांच्या रोपाचा. वरची काडी वेंगुर्ल्याची, मूळ गावठी. मूळ जमिनीत असतं, म्हणून ते दिसत नाही, आणि बशीत ठेवत नाहीत.

पण आमचं खरं म्हणणं पुढेच आहे.

१९९० साली सरकारने रोजगार हमीतून फळबाग योजना काढली. कलमाचे पैसे सरकारचे, खताचे सरकारचे, खड्ड्यांची मजुरी सरकारची. योजना नसती तर विद्यापीठाची जात विद्यापीठाच्या कुंपणातच राहिली असती. योजनेमुळे ती डोंगर चढली. आज पत्रादेवीपासून सावंतवाडीपर्यंत जाताना दोन्ही बाजूंना जे हिरवं दिसतं, त्यातलं बरंचसं त्या योजनेनंतरचं आहे. कोकणचा विकास म्हणतात तो हाच.

त्या विकासाचे खड्डे आम्ही मारले. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. जांभ्यात. ज्याने जांभ्यात पहार मारलेली नाही त्याला दोन फूट म्हणजे काय ते कळणार नाही. तळहाताची कातडी निघते ती खोबरेल लावून बसत नाही. एका हेक्टरला दोनशेच्या आसपास खड्डे. आम्ही हेक्टरच्या हेक्टर मारले. रोज मिळाला, नाही म्हणत नाही, मस्टर उशिरा निघालं तरी मिळाला.

पण ते खड्डे कुठे मारले? ज्या भरडावर आमचे आजे नाचणी आणि वरी करत होते त्याच भरडावर.

हे जरा नीट समजून घेऊया, कारण आपल्यातल्याच तरुण पोरांना हे माहीत नसतं. आपल्या आजांच्या वेळी वरकस जमिनीला कोण विचारत नव्हतं. भाताची मळी होती ती भाटकारांची, तिच्यावर त्यांचं लक्ष. वरचा डोंगर म्हणजे गवत, सरपण आणि कवळं तोडायची जागा. तिथे ठाकर-कातकऱ्याने राब जाळून दोन वर्षं नाचणी केली, तिसऱ्या वर्षी दुसरीकडे गेला, तर भाटकार थोडी नाचणी आणि एखादा कोंबडा घेऊन गप्प बसायचा. कागद झाला नाही. कागद कशाला करतील? १९४८ चा कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, ज्यांची नावं पीकपाण्याला लागली होती ती कुळं मालक झाली. चांगलं झालं. पण वरकसावर तोंडी करणाऱ्या आमच्या माणसांचं नाव पीकपाण्याला कधी लागलंच नव्हतं. तलाठी मळीत उभा राहून पाहणी करायचा, डोंगर चढायचा नाही. नंतर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्टला कितीतरी डोंगर एका रात्रीत सरकारजमा झाले, तेव्हाही त्या डोंगरावर कोण पोट भरतंय याची नोंद कोणी घेतली नाही.

तरी तोपर्यंत चाललं होतं. कागदाने जमीन आमची नव्हती, पण पायाने होती. नाचणी निघत होती.

मग कलम आलं. ज्या डोंगराला कोण विचारत नव्हतं तो डोंगर एकदम मोलाचा झाला. मुंबईला असलेल्या चाकरमान्यांना आपल्या आजाची वरकस आठवली. सातबारे काढले गेले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, मोजणी झाली, गडगे घातले गेले. गडगा घालायलाही आम्हीच होतो. आमच्या वाडीतला एक म्हातारा, त्याने पंचवीस वर्षं एका उतारावर नाचणी केली होती. एक दिवस मालकाचा पुतण्या आला आणि म्हणाला, "आजोबा, ह्या वर्सापासून हय काय करू नकात. काजी लावतंव." भांडण झालं नाही. म्हाताऱ्याने भांडायचं तरी कशावर? पुढच्या आठवड्यात त्याच उतारावर त्याचा नातू मस्टरवर लागला. त्याने आपल्या आजाच्या नाचणीच्या जागेवर साठ खड्डे मारले. तो नातू आज हे पत्रक लिहिणाऱ्यांपैकी एक आहे.

संशोधन संस्थांनी आमची जमीन घेतली असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो ते असं आहे: संशोधनाने जमिनीची किंमत वाढते. ज्याच्या नावावर जमीन आहे तो वर जातो. ज्याच्या नावावर नाही, तो जिथे होता तिथेसुद्धा राहत नाही, तो खाली जातो. आधी नाचणी करणारा होता, आता नाचणी विकत घेणारा झाला. त्याला मेळाव्यात 'रोजगार निर्मिती' म्हणतात.

विद्यापीठातल्या साहेबांना हे माहीत नाही का? काहींना नक्की असेल, त्यांच्यातही शेतकऱ्यांची पोरं आहेत. पण त्यांच्या कागदात त्याला खाना नाही. लागवड किती झाली, तर इतके हेक्टर. उत्पादन किती, तर इतके टन. झाडामागे किती किलो. या सगळ्याला आकडा आहे. त्या हेक्टरावर आधी कोण होतं, आणि तो आता कुठे आहे, हा आकडा कोणी काढायचा? १९८४ साली वि. म. दांडेकर यांच्या समितीने महाराष्ट्राचा अनुशेष मोजला. दांडेकर म्हणजे पुण्याच्या गोखले संस्थेचे संचालक राहिलेले, मोठे संशोधक. रस्ते, वीज, पाणी, शाळा, प्रत्येक जिल्हा किती मागे आहे ते त्यांनी काढलं. ते काम मोठंच होतं. पण जिल्ह्याच्या पोटात एक वाडी दुसऱ्या वाडीपेक्षा किती मागे, ते जिल्ह्याच्या सरासरीत बुडून जातं. उद्या सिंधुदुर्गाचा सगळा अनुशेष भरला, घराघरात काजूची बाग झाली असं कागदावर आलं, तरी त्या घरांत आमचं घर असेलच असं नाही. घर गावठाणात नाही आमचं.

आता दाखल्याची गोष्ट. त्या मुलाने आजीला दोन कागद सांगितले होते, सातबारा आणि जातीचा दाखला.

एक संशोधन संस्था आमच्या फळांवर संशोधन करते तशी एक आमच्यावर करते. पुण्याला १९६२ पासून आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. आदिवासी कोण, कुठे राहतात, कसे राहतात, त्यांना काय हवं, हे शोधणं हे तिचं काम. असं काम पाहिजेच. पण आपल्या बाबतीत काय झालं बघा. १९७६ पर्यंत ठाकरांना आदिवासी धरायचे ते ठाणे, कुलाबा, नाशिक, पुणे, अहमदनगर इथल्या ठराविक तालुक्यांत. आपण त्या यादीत नव्हतो. म्हणजे कर्जतचा ठाकर आदिवासी आणि कुडाळ-सावंतवाडीचा ठाकर कोणी नाही. १९७६ च्या कायद्याने ही तालुक्याची अट काढली. आम्हाला वाटलं सुटलो. तर आता पडताळणी आली. सुप्रीम कोर्टाने १९९४ ला महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात पडताळणी कशी करायची ते ठरवून दिलं. खोटे दाखले काढून आदिवासींच्या जागा खाणारे आहेत, पुष्कळ आहेत, त्यांना धरायलाच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण जाळं टाकलं त्यात मोठे मासे निसटतात आणि आम्ही अडकतो.

आमच्यातला एक बारावी झाल्यावर दाखल्यासाठी एका कार्यालयात गेला. त्याला विचारलं, तुमचा देव कोणता? लग्नात काय काय करता? मयतानंतर कितव्या दिवशी काय? बोलीत अमक्याला काय म्हणता? त्याने सांगितलं ते सगळं घाटाखालच्या ठाकरांच्या पुस्तकाशी जुळलं नाही. जुळेल कसं? आम्ही चार-पाच पिढ्या सावंतवाडी संस्थानात राहिलो, आमची बोली मालवणीच्या सावलीत वाढली. बापाच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी भलतीच जात लिहून ठेवलेली, कारण त्या मास्तरांना ठाकर ही जात आहे हेच ठाऊक नव्हतं. साहेब म्हणाले, "तुम्ही मराठी शुद्ध बोलता." बारावीपर्यंत शिकला हाच पुरावा त्याच्या विरोधात गेला. कागद अजून पडून आहे. दाखला नाही म्हणून पुढची फी भरता आली नाही, आणि तो संघटनेत आला. संघटनेचा फायदा झाला म्हणायचं!

कुडाळजवळ पिंगुळीला आपले ठाकर बांधव कळसूत्री बाहुल्या नाचवतात, चित्रकथी सांगतात. शहरातून, परदेशातून अभ्यासक तिथे येतात, चित्रांचे फोटो काढतात, गाणी टेपवर घेतात, लेख लिहितात. बाहुलीवर संशोधन होतं. बाहुली नाचवणाऱ्याच्या पोराचा दाखला मात्र अडतो.

आता काजूकडे परत येऊ. काजू मुळात इथला नाही. पोर्तुगीजांनी तो ब्राझीलहून गोव्यात आणला, तिथून तो तेरेखोल ओलांडून आपल्याकडे आला. त्याला कोणी विचारलं नाही की तुझा आजा १९५० च्या आधी कुठे राहत होता. त्याच्या बोलीत आणि ब्राझीलच्या बोलीत साम्य आहे का, हे बघितलं नाही. झाड बघितलं, बी बघितली, तोलली, जात ठरवली, नंबर दिला, प्रसारित केली. आज सातबाऱ्याच्या पीकपाण्याला 'काजू' अशी नोंद होते. परदेशातून आलेल्या झाडाची नोंद आहे. त्या झाडाखाली मार्च-एप्रिलच्या उन्हात वाकून बी वेचणाऱ्या आजीची नाही.

आणि बी वेचून झाल्यावर पुढे काय? बी जाते फॅक्टरीत. तिथे फोडायला आपल्याच बाया. टरफलातलं तेल हाताला लागतं, कातडी काळी पडते, बोटांची सालं निघतात. कोणी राख लावतं, कोणी तेल. मजुरी किलोवर. दहा ग्रॅमची बी निघाली ही प्रगती आहे, पण बी फोडणाऱ्या हाताला काय लावायचं, हे शोधलेलं आमच्या बायांच्या हातापर्यंत अजून पोचलेलं नाही. बोंडूचं तर विचारूच नका. पलीकडे गोव्यात बोंडूची फेणी होते, दुकानात उघड विकतात. अलीकडे बोंडू झाडाखाली कुजतो नाहीतर टेम्पोत भरून पत्रादेवीपलीकडे जातो, आणि आमच्यातल्या कोणी घरामागे हंडी लावली तर पोलीस येतात. एकच नदी, एकच झाड, एकच फळ.

नाचणीवर विद्यापीठाने काम केलं आहे, दापोली-१ नावाची जात आहे, चांगली आहे म्हणतात. आम्ही लावू. कुठे लावू तेवढं सांगा.

गेल्या शिबिरात एका कार्यकर्त्याने एक गोष्ट सांगितली ती इथे सांगण्यासारखी आहे. आपल्या देशातली कृषी विद्यापीठं कुठल्या नमुन्यावर काढली? १९६० ला पंतनगरला पहिलं निघालं ते अमेरिकेतल्या नमुन्यावर. तिकडे त्या कॉलेजांना 'लँड ग्रँट' म्हणतात, म्हणजे जमीन-देणगीची कॉलेजं. १८६२ ला तिकडे मॉरिल नावाच्या पुढाऱ्याचा कायदा झाला. सरकारने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून पैसा उभा करायचा आणि शेतीची कॉलेजं काढायची. कॉलेजं निघाली, शेती सुधारली, जगभर नाव झालं. पण सरकारकडे एवढी जमीन आली कुठून? तिथल्या आदिवासींची. तह करून, तह मोडून, बंदुकीने घेतलेली. ज्यांची जमीन गेली त्यांची पोरं त्या कॉलेजात नव्हती. आम्ही पुन्हा सांगतो, दापोलीचं तसं आहे असं आमचं म्हणणं नाही. पण नमुना आणताना त्याचा इतिहास बरोबर आणला नाही, आणि जमिनीचा प्रश्न आपल्या खात्याचा नाही, तो महसूलचा, अशी सवय मात्र आली. मेळाव्यात आम्ही उठून जमिनीचं विचारलं तेव्हा माईकवरून हेच उत्तर आलं: "तो प्रश्न महसूल खात्याचा आहे." महसूलवाल्यांकडे गेलो की ते म्हणतात वनखात्याकडे जा. वनखातं दंडाची पावती फाडतं. ती मात्र आम्ही जपून ठेवतो, का ते पुढे सांगतो.

उलटं उदाहरणही आहे, ते लपवायचं कारण नाही. गुजरातेत वांसदा भागात १९८२ पासून 'वाडी' म्हणून काम चालू आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ ला उरुळीकांचनला काढलेल्या बायफ संस्थेचं ते काम. आदिवासी कुटुंबाची एक एकर जमीन, तिच्यात आंबा नाहीतर काजूची कलमं, कडेला जंगली झाडं, मध्ये भाजी-धान्य. पहिली वर्षं पोटाची सोय, नंतर बाग. लोक मजुरीला बाहेर जायचे ते थांबू लागले. तेच कलम, तेच शास्त्र. फरक एवढाच की कुटुंबाच्या पायाखाली जमीन होती. म्हणून आम्ही म्हणतो, आधी जमीन, मग कलम. उलट्या क्रमाने दिलं की कलम आमच्यावरच उलटतं.

विद्यापीठाच्या साहेबांकडे आमचं मागणं फार मोठं नाही. जमीन तुम्ही देऊ शकत नाही हे आम्हाला कळतं. पण बागांची पाहणी करायला तुमची पोरं गावोगाव येतात, त्या फॉर्मात दोन प्रश्न घाला: या जागेवर लागवडीच्या आधी कोण पीक करत होतं, आणि बागेत काम करणारे कोण, त्यांची स्वतःची जमीन किती? पाच वर्षं हे दोन खाने भरा. मग तुमच्याच शिक्क्याने एक अहवाल निघेल, आणि तो आम्ही तहसीलदारांपुढे ठेवू. आमच्या तोंडच्या बोलण्याला पुरावा म्हणत नाहीत, तुमच्या आकड्याला म्हणतात. दुसरं, रोपवाटिकेतली कलमं देताना सातबाऱ्याऐवजी ज्याच्या ताब्यात जमीन आहे त्यालाही ग्रामपंचायतीच्या पंचनाम्यावर द्या. झाड लागलं की ताबा पक्का होतो, हे मालकांना कळतं तसं आम्हालाही कळतं.

पुण्याच्या संस्थेकडे एकच मागणं आहे. सिंधुदुर्गातल्या ठाकरांवर लिहायचं तर इथे येऊन राहा. दोन दिवस नाही, एक पावसाळा. मग ठरवा.

आता आपल्या कामाचं. वनजमिनीवरची ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासनाचा आदेश २७ डिसेंबर १९७८ चा आहे. त्याला कितीतरी वर्षं झाली. आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची शेती त्याच्या आधीची आहे, पण कागद नाही म्हणून कोणी अर्जच केला नाही. कागद नाही असं म्हणू नका, घरात शोधा. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या हा सगळ्यात मोठा कागद आहे, दंड घेतला म्हणजे तुम्ही तिथे होतात हे त्यांनीच लिहून दिलं. तलाठ्याकडे १-ई रजिस्टर असतं, त्यात अतिक्रमणाची नोंद असते, त्याची नक्कल मागा. देत नसेल तर एकटे जाऊ नका, चार जण जा. जुनं रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, आजाच्या नावाचं काहीही. डोंगरावर आजाने घातलेले बांध, लावलेला फणस, पुरलेली माणसं, देवाचा दगड, हे कुठे आहे ते लिहून आणा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं आम्ही लिहून घेऊ.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहा वाजता बांद्याच्या पुलाजवळ जमायचं. तिथून सगळे अर्ज घेऊन सावंतवाडीला तहसीलवर. बायांनी जरूर यावं, पोरं सांभाळायला दोघी थांबणार आहेत. भाकऱ्या बांधून आणा. एस.टी.चे पैसे ज्यांना जमतील त्यांनी द्यावेत, बाकीच्यांचं संघटना बघेल. स्टेन्सिल आणि कागद महाग झालाय, म्हणून या अंकाच्या थोड्याच प्रती काढल्यात. वाचून झाला की घडी न मोडता पुढच्या वाडीत द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.